सुट्टीवर आलेला कॅमेरा

काही माणसांना दुसऱ्याची पिशवी उचलायची जन्मखोड असते. पलूसजवळच्या गावातला जालिंदर त्यातला. शाळेत असताना गुरुजींची सायकल धरून उभा राहायचा. पुढं गावातलं कुठलंही लग्न असलं की हा वाढप्यांत. आणि एसी मेकॅनिक होऊन मस्कतला गेला, तेव्हा तर अख्ख्या गावाची पिशवीच त्याच्या खांद्यावर आली. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा झाला की मागणी आधीच पोचलेली असायची. कुणाला बॅटरी, कुणाला वाघाच्या चित्राचा बाम, कारखान्यातल्या कारकुनाला कॅलक्युलेटर. दाढीच धड न उगवणाऱ्या एका गड्यानं तर विजेवरचं दाढीचं यंत्र मागवलं होतं. मागणाऱ्याला लाज नव्हती आणि जालिंदरला नाही म्हणता येत नव्हतं, त्यामुळं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्याला स्वतःला काय पाहिजे, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही कधी सांगितलं नव्हतं. पंगतीत भात संपला तर हा मुकाट ताटाकडं बघत बसायचा, वाढप्याला आपोआप कळावं म्हणून. वाढप्यांना असलं काही कळत नसतं, हे स्वतः वाढपी असूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पासपोर्ट-व्हिसाच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द गावात शेवटचा. कुणाच्या पासपोर्टात बापाचं नाव चुकलं, कुणाला एजंटानं नुसतंच हेलपाटे घालायला लावलं, की माणूस जालिंदरच्या ओट्यावर. "पासपोर्ट म्हंजी आपल्या घरच्यांनी दिलेली परवानगी," तो समजावून सांगायचा. "आन व्हिसा म्हंजी पाव्हण्यानं 'या' म्हटलेलं. पर पाव्हणा 'या' म्हणतो, तवाच 'जा' कवा म्हणायचं त्येची तारीख त्येच्या मनात असती. ती तारीख बगायची. बाकी त्यात काय न्हाई." त्याचा स्वतःचा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि कापडी पिशवी बनुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बंडीच्या आत शिवलेल्या खिशात असायची. जेवताना, फिरताना, बैल धुताना तो पासपोर्ट छातीशीच. बनुबाई म्हणायची, एवढं जिवाशी मला धरलं असतं तर मीबी मस्कतला आले असते.

त्या खेपेला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक वस्तू आणली. व्हिडिओ कॅमेरा. मस्कतच्या खोलीत त्याच्या खाटेजवळच्या भिंतीवर बनुबाईचा आणि अक्षता या त्याच्या लेकीचा फोटो चिकटवलेला होता, पण तो बघून बघून पाठ झाला होता. फोटोतली माणसं हलत नाहीत. जालिंदरला हलणारी माणसं न्यायची होती.

विमानतळावर कस्टमच्या साहेबानं बॅग उघडली, कॅमेरा उलटापालटा केला आणि विचारलं, ही वस्तू इथंच ठेवणार की परत नेणार? जालिंदर म्हणाला, परत नेणार. साहेबानं पासपोर्टाच्या पानावर कॅमेऱ्याचं नाव लिहिलं, नंबर लिहिला, शिक्का मारला आणि सांगितलं, जाताना ही वस्तू दाखवायची. नाही दाखवली तर ड्यूटी आणि वर दंड, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. जालिंदरनं सवयीप्रमाणं मान हलवली.

गावात आल्यावर थोरला भाऊ नाथाजी यानं तो शिक्का निरखून बघितला आणि म्हणाला, "म्हंजी ह्यो क्यामेरा बी तुझ्यागत सुट्टीवर आलाय म्हण की."

एवढं गावाला पुरलं. मग जो तो विचारू लागला, क्यामेरा कवा आला, तब्येत बरी हाय का, कवा जाणार. जालिंदर हसून सांगायचा, "माझ्यासंगंच जाणार. एका पासपोर्टावर दोगं हाव आमी."

हलणारी माणसं मात्र काही केल्या मिळेनात. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस ताठ. नाथाजी छाती काढून उभा राहायचा आणि श्वास धरायचा. बनुबाई प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी हात मांड्यांना चिकटवायची. जालिंदर ओरडायचा, "हला की. बोला. ह्यो फोटू न्हवं, ह्यात हलायचं असतंय." ओठ न हलवता बनुबाई म्हणायची, "हल्ले तर बिगडंल की वो." म्हशीनं मात्र सहकार्य केलं. पहिली कॅसेट संपली तेव्हा तिच्यात भरपूर शेपूट होतं आणि गावातली सगळी माणसं पुतळे होती. जालिंदर स्वतः त्यात कुठंच नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नव्हता, आणि 'माझी बी जरा काढ' असं कुणाला म्हणणं त्याच्यानं झालं नसतं.

सुट्टीच्या शेवटाला नाथाजीच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं लग्न होतं. पोरगी सांगलीला डी.एड. झालेली. नवरामुलगा कपिल जत तालुक्यातला, प्राथमिक शाळेत मास्तर. आणि कपिलचा बाप कोंडीबा म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. बोलणीच्या बैठकीत त्यानं उभं राहून सांगितलं होतं, "हुंडा बिलकुल न्हाई. पोरगी आन तिची पुस्तकं, बास. रुखवत हौसंनं मांडलंसा तर त्येला नको म्हणणार न्हाई. पर आमची एक डिसिप्लिन हाय. एकडाव दिलं का दिलं, घेतलं का घेतलं. माघारी त्येच्यावर बोलणं न्हाई. तुमीबी न्हाई आन आमीबी न्हाई." असा सरळ व्याही मिळाला म्हणून नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लग्नाच्या दिवशी पांढऱ्या साड्या, निळ्या पताका, त्रिशरण-पंचशील, हार घालणं, सगळं जालिंदरनं टिपलं. त्या गर्दीत माणसं चुकून हललीसुद्धा, त्यामुळं तो खुशीत होता. पण जेवणाची वेळ झाली आणि बॅटरी संपली. आता मस्कतच्या चार्जरची पिन म्हणजे चपट्या तीन पट्ट्या, आणि आपल्याकडची भोकं गोल. जालिंदरनं पहिल्याच आठवड्यात ती पिन कापून वायरची टोकं मोकळी केली होती. ती भोकात घालायची आणि काड्यापेटीतल्या काड्या शेजारी ठोसून घट्ट करायची. मस्कतच्या मोठ्या हॉटेलातले एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक घरी आल्यावर असं करतो, यात नवल काही नाही. सगळेच करतात.

मांडवात बटण एकच होतं, तेही रुखवताच्या टेबलामागं. लेकीबरोबर सासरी द्यायच्या वस्तू त्या टेबलावर मांडलेल्या. स्टीलची भांडी, शिलाई मशीन, प्रियदर्शनीनं विणलेली तोरणं, मण्यांचा हत्ती. जालिंदरनं काड्या ठोसल्या, वायर ओढली तेवढी पोचली, कॅमेरा बॅगेसकट टेबलाच्या कडेला ठेवला आणि पंगतीत वाढायला गेला. तो पुतणीच्या लग्नात बसून जेवणार, हे शक्य नव्हतं.

इकडं पारूबाई, म्हणजे नाथाजीची बायको, रुखवतावरनं नजर फिरवायला आली. कडेला कॅमेरा बघून तिला वाटलं, वस्तू पडेल. तिनं तो उचलून मधोमध ठेवला. मधोमध ठेवला तर खाली काही नाही म्हणून विणलेला रुमाल घातला. शेजारी मण्यांचा हत्ती आणला. मग चार पावलं मागं सरून बघितलं आणि तिला रुखवत भरल्यागत वाटलं. बायका येऊन बघून गेल्या. "चुलत्यानं दिला वाटतं," एक म्हणाली. नाही असं पारूबाईनं म्हटलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

जालिंदर वाढून झाल्यावर म्हाताऱ्या पाहुण्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेला, त्यांच्या पिशव्या घेऊन. परत आला तेव्हा वऱ्हाड निघून गेलं होतं. रुखवताच्या जागी नुसतं टेबल होतं. बटणात काड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"टेंपू कुठाय?" त्यानं विचारलं.

"ग्येला की जतला," नाथाजी म्हणाला. "लय चांगली माणसं. मशीन सवता उचलून घातली हवालदारानी."

जालिंदर खाली बसला. छातीशी हात गेला. पासपोर्ट जागेवर होता, पण त्याच्यावर लिहिलेला दुसरा इसम सासरी गेला होता.

घरातली सगळी ओट्यावर गोळा झाली. विमान चार दिवसांवर. त्याच आठवड्यात परतीच्या व्हिसाची मुदत संपत होती, आणि कंपनीचा मॅनेजर तारखेला पोचलं नाही तर दुसरा मेकॅनिक घ्यायला टपलेला. कॅमेऱ्याशिवाय गेलं तर विमानतळावर अडकायचं. अडकलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की अक्षताची सांगलीची शाळा आणि अर्धवट उभं असलेलं घर, दोन्ही तिथंच थांबणार. हे सगळ्यांना कळत होतं. पण रुखवतातली वस्तू परत मागायची कशी, हे कुणाला कळत नव्हतं.

"मी फकस्त खाली रुमाल घातला वो," पारूबाई पदराला डोळे पुसत म्हणाली. "पर आता मागायला गेलासा तर माझ्या पोरीला जलमभर ऐकावं लागंल. दिलं आन काडून न्येलं म्हणतील."

"मी जातो," नाथाजी म्हणाला. "पाया पडतो त्येंच्या."

"तू न्हाई जायाचं, आण्णा," जालिंदर म्हणाला. "पोरीच्या बापानं मान खाली का घालायची? माजी चूक हाय. पाचपरतावणाला प्रियाला आणायला कुणीतरी मुराळी जाणारच हाय की. मीच जातो."

सासरी गेलेल्या लेकीला पहिल्यांदा माहेरी आणायला जातो तो मुराळी. त्याचा तिथं मान असतो, जेवण गोडाचं असतं, आणि निघताना टॉवेल-टोपी मिळते. कॅमेरा मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

बनुबाईनं तेवढं एकदा समजावून बघितलं. "आवं, तोंडानं सरळ बोला. पाव्हणं, चुकून आलंय, तेवढं द्या. झालं. ह्येच्यापुढं काय लागत न्हाई."

"बोलतो की."

"तुमी बोललासा तर सूर्य मावळतीला उगवंल," ती म्हणाली आणि त्याची बंडी वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी जालिंदर एस.टी.त बसला. तासगावला उतरून पाहुण्यांसाठी बेदाणा घेतला आणि जतची गाडी धरली. द्राक्षाचे मांडव मागं पडले, रान उघडं होत गेलं. तो बनुबाईचं वाक्य घोकत होता. पाव्हणं, चुकून आलंय, तेवढं द्या. कवठेमहांकाळपर्यंत वाक्य इतकं बसलं, की एकदा तोंडातून मोठ्यानं बाहेर पडलं, "पाव्हणं, तेवढं द्या की." शेजारी एक धनगर बसला होता. त्यानं काही न विचारता तंबाखूची चंची पुढं केली. जालिंदर आयुष्यात तंबाखूच्या वाटेला गेला नव्हता. पण नको कसं म्हणायचं? त्यानं चिमूटभर घेतली, 'मंग खातो' म्हणाला आणि जत येईपर्यंत मुठीत धरून बसला. हातातल्या घामानं तिचा चिखल झाला.

कोंडीबाचं घर गावाच्या कडेला, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली खाट. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेलेला, बायका घागरी उचलत होत्या. दुष्काळी मुलखात पाहुण्याला हातपाय धुवायला तांब्याभर पाणी देणं ही साधी गोष्ट नसते. कोंडीबानं घंगाळभर दिलं.

"जयभीम, पाव्हणं. या, असं खाटंवर. आरामात बसा."

जालिंदर बसला. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर विणलेला रुमाल, रुमालावर कॅमेरा आणि शेजारी मण्यांचा हत्ती. पारूबाईनं मांडलं होतं तसंच्या तसं.

"पाव्हणं," तो म्हणाला.

"बोला की," कोंडीबा म्हणाला.

"औंदा पाऊस कसा हाय हिकडं?"

पाऊस नव्हताच, त्यामुळं तो विषय लवकर संपला. मग जालिंदर म्हणाला, पाव्हणं, आणि मेंढरांचं विचारलं. पुन्हा म्हणाला, पाव्हणं, आणि ज्वारीचं विचारलं. कोंडीबा दर वेळी 'बोला की' म्हणायचा, मिशीवरनं हात फिरवायचा आणि मन लावून उत्तर द्यायचा. कोंडीबाची बायको शालूबाई चहा देऊन गेली. प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडावर धरून. सासरी लाजते बिचारी, असं जालिंदरला वाटलं.

तेवढ्यात कपिल मास्तर कॅमेराच घेऊन बाहेर आला. "तात्या, हे चालू कुठनं करायचं?"

दुसरा कुणी असता तर हीच वेळ होती. जालिंदरनं त्याला प्रेमानं सगळं दाखवलं. हे बटण, हे भिंग, हे असं धरायचं, पट्टा मनगटात घालायचा म्हणजे पडत नाही. कपिलनं ऐकून घेतलं आणि कॅमेरा मांडीवर घेऊन समोर बसला. मग जालिंदरचं बोलण्यात लक्ष राहिना; पाव्हणं, पाव्हणं म्हणत त्यानं पावसाचं आणि मेंढरांचं पुन्हा एकदा विचारलं. मास्तरची मांडी हलली की याचा हात पुढं व्हायचा.

"चीज लय भारी दिलीसा," कोंडीबा म्हणाला. "सगळं गाव बगून ग्येलं. मी म्हणलं, चुलता असावा तर असा."

आता काय मागणार? जालिंदरनं आडवळण धरलं. "पाव्हणं, तिकडं आमचं लय कडक असतंय बगा. माणूस सुट्टीवर आला का त्येला तारीख असती. तारखेला माघारी जायाच लागतंय. नुसतं माणसाचंच न्हाई. काय काय वस्तूंचं बी असंच असतंय."

"असं?"

"व्हय. आता एकादी वस्तू सुट्टीवर आली... म्हंजी माणसासंगं आली... तर ती त्या माणसासंगंच जायाला पायजे."

"आन न्हाई ग्येली तर?"

"तर माणूस अडकतो की वो."

कोंडीबानं बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. "मग त्या माणसानं सांगावं की तोंडानं."

जालिंदरच्या जिभेवर वाक्य आलं होतं. पाव्हणं, चुकून आलंय. सगळे त्याच्याकडं बघत होते. शालूबाईनं हातातली परात तशीच धरली होती.

"व्हय, सांगायला पायजे," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. हात धुतलेलेच होते.

संध्याकाळी पुरणपोळी झाली. त्याच्या ताटातलं तूप संपलं तेव्हा तो ताटाकडं बघत बसला. शालूबाईनं न विचारता वाढलं. असा वाढपी आपल्याला जन्मात भेटला नव्हता, असं त्याच्या मनात आलं, आणि या माणसांकडून वस्तू काढून न्यायला आपण आलोय या विचारानं तो घास त्याला गिळवेना. झोपायच्या आधी त्यानं मनाशी ठरवून टाकलं. मागायचं नाही. विमानतळावर काय होईल ते होऊ दे. नोकरी दुसरी बघता येईल, पोरीचं सासर दुसरं कुठनं आणणार?

सकाळी पहिल्या गाडीला निघायचं होतं. प्रियदर्शनी पिशवी घेऊन तयार. जालिंदरनं टेबलाकडं न बघता चपला घातल्या. तेवढ्यात कोंडीबा आतून आला, कडक इस्त्रीच्या शर्टात, छातीला पलटणीचं पदक. मागं शालूबाई हळदी-कुंकवाचं नव्हे, तर टॉवेल-टोपीचं ताट घेऊन. कोंडीबानं जालिंदरच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग कॅमेऱ्याची बॅग दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"ह्ये काय?" जालिंदर म्हणाला.

"आहेर," कोंडीबा म्हणाला. "आमी दिलेलं परत मागत न्हाई, आन घेतलेलं परत देत न्हाई. डिसिप्लिन हाय. पर मुराळ्याला काय द्यायचं, त्येचा हुकूम आमच्या घरचा. घ्या. आता ह्येच्यावर बोलणं न्हाई."

बोलणं शक्यच नव्हतं. जालिंदरनं बॅग घेतली आणि ती जड लागली.

"रिकामी कशी द्यायची?" शालूबाई म्हणाली. "शेरभर शाळू घातलाय. आन बाजूच्या खणात चटणी हाय शेंगदाण्याची."

गाडीत प्रियदर्शनी खिडकीतून बाहेर बघत होती. जालिंदरनं हळूच विचारलं, "प्रिया, तू काय सांगितलंस का गं त्यास्नी?"

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली आणि तासगाव येईपर्यंत खिडकीतच बघत राहिली. तिचे खांदे अधूनमधून हलत होते. माहेरच्या ओढीनं रडतेय, असं त्याला वाटलं.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या टेबलावर बॅग उघडली गेली. साहेबानं कॅमेरा बाहेर काढला, तसा शाळू टेबलभर सांडला. साहेबानं एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला.

"हे काय आहे?"

"ज्वारी हाय साहेब. आहेर."

"हीसुद्धा परत आणणार?"

"न्हाई साहेब, ह्येची नोंद करू नका. ही खाऊन संपवणार."

साहेबानं नंबर ताडून बघितला, पासपोर्टावरच्या नोंदीवर रेघ ओढली, सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सगळा जीव गोळा करून ज्या क्षणाची धास्ती घेतली, तो एवढ्यात संपला. टेबलावरचे दाणे गोळा करायला मात्र जालिंदरला त्याहून जास्त वेळ लागला.

मस्कतला पोचल्यावर पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यानं खोलीतल्या टीव्हीला कॅमेऱ्याच्या वायरी जोडल्या. खोलीत त्याच्याबरोबर एक केरळचा ड्रायव्हर आणि एक लाहोरचा रंगारी राहायचे. तिघांनी खाटेवर बसून लग्न बघितलं. त्रिशरण झालं, हार झाले, पंगत आली आणि पडदा काळा झाला. जालिंदर बंद करायला उठला, तेवढ्यात पडद्यावर एक गुडघा आला.

गुडघा मास्तरचा होता. मग लिंबाचा बुंधा दिसला, खाटेचा पाय दिसला, आणि मग चित्र हळूहळू वर सरकून एका माणसावर थांबलं. खाटेच्या अगदी काठावर बसलेला, मूठ आवळलेली, टक्कल पडत चाललेला एक माणूस 'पाव्हणं' म्हणत होता आणि पावसाची चौकशी करत होता. जालिंदरला वाटलं, कोण बरं हा? मग बंडी ओळखीची वाटली.

लाहोरचा रंगारी खो खो हसत सुटला. त्याला शब्द कळत नव्हते, पण माणूस काहीतरी मागायला आलाय आणि त्याला मागता येत नाहीये, हे समजायला मराठी लागत नव्हती. पडद्यावरचा जालिंदर दर वेळी 'पाव्हणं' म्हणायचा, दर वेळी मागची प्रियदर्शनी पदरात तोंड खुपसायची आणि कोंडीबाची मिशी थरथरायची. शेवटी तो माणूस उठून धुतलेले हात धुवायला गेला. खाट रिकामी झाली. आवाज मात्र चालू होता.

"कवा बोलणार हाय ह्यो माणूस?" कोंडीबाचा आवाज आला. "मी दुपारपास्नं वाट बगतुया. तू पैल्याच दिवशी सांगितलंस म्हणून, न्हाईतर मला ठावं सुदीक झालं नसतं."

"न्हाई बोलायचे, मामा," प्रियदर्शनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तात्या सगळ्या गावाचं आणत्यात. पर सवतासाठी त्येनी कवाच कुणाकडं काय मागितलं न्हाई. त्यास्नी येतच न्हाई मागायला."

परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग आपुनच द्यायचं की," शालूबाई म्हणाली. "त्यात काय एवढं."

मग चित्र हललं, आणि कपिलनं कॅमेरा खाटेवर टेकवून ठेवला असावा, कारण सगळे ओळीत येऊन उभे राहिले. कोंडीबा सावधान. शालूबाईचे हात मांड्यांना चिकटलेले. प्रियदर्शनीनं श्वास धरलेला, अगदी बापासारखा. मास्तर धावत येऊन शेवटाला उभा राहिला आणि तोही ताठ झाला. कुणी पापणीसुद्धा हलवेना. मागून मेंढरं तेवढी गेली. मग फडक्याला हात पुसत जालिंदर चित्रात आला, बघून गोंधळला, आणि कोंडीबानं मान न हलवता दंडाला धरून त्याला ओळीत ओढलं. फोटो काढतायत असं समजून तोही ताठ उभा राहिला. कॅसेट संपेपर्यंत सगळे तसेच होते.

रंगारी म्हणाला, परत लाव. जालिंदरनं परत लावली. डोळे पुसायला त्याला नवीन टॉवेल होता.

त्याच दुपारी तो रंगाऱ्याबरोबर फोनच्या दुकानात गेला आणि गावातल्या नानासो दुकानदाराचा नंबर फिरवला. नानासोनं एक पोरगं पिटाळून बनुबाईला बोलावून घेतलं. ती धापा टाकत आली. एरवी फोनवर तीच बोलायची, काय काय आणायचं ते सांगायची, आणि तो 'बरं' म्हणायचा.

"बनू," तो म्हणाला. "मला येक पायजे."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ती चटणी... शेंगदाण्याची. संपली. कोण हिकडं येणार असंल तर धाडून दी. जरा जास्तच दी."

"आवं," बनुबाईचा आवाज घाबरलेला होता. "तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की."

"मग असं का बोलायलासा?"

मागं रंगारी फोनसाठी खोळंबला होता. "आन तुझ्या हातची दी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बनुबाई तशीच नाथाजीच्या घरी गेली आणि म्हणाली, भावजी, त्यांना काहीतरी झालंय, मागायला लागलेत. नाथाजीनं छाती काढून श्वास धरला. मग दोघं मिळून शेंगा फोडायला बसले.